चौथी मेख

कोयनानगरच्या वरच्या माळावर सुकुमारनं नवीकोरी कॅराव्हॅन उभी केली आणि तिचं कापडी छत बाहेर ओढलं. "हिकडं मी बी पयल्यांदाच आलोय," सांगली सोडल्यापासून त्यानं बायकोला चारदा सांगितलं होतं. तो तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता.

दिवस मावळायच्या आत जेवायचं, म्हणून त्रिशला घाईनं छताच्या दोऱ्यांच्या मेखा ठोकायला बसली.

जमीन कातळासारखी टणक, पण पहिली मेख हातोडा न लावताच आत गेली. तिथं आधीच भोक होतं. दुसरीलाही होतं, तिसरीलाही. अंतर तंतोतंत याच छताचं.

चौथ्या जागी तर मेखच होती, गंजलेली. दोरीला कुणी अडखळू नये म्हणून बांधतात तशी एक चिंधी तिच्यावर होती. रंग विटला होता, पण काठ त्रिशलानं ओळखला. तिनं आज सकाळीच घडी मोडलेल्या साडीचा तो काठ होता.

तिनं पदर चाचपला. अख्खा होता.

"आवं, तुमी खरंच पयल्यांदा आलाय न्हवं?"

"दर खेपेला ह्येच इचारतीस बघ," सुकुमार मायेनं म्हणाला, आणि त्यानं तिच्या पदराला कात्री लावली.