मध आणि पाणी

सरोजिनीवहिनी वाटी घेऊन दारात आल्या, तेव्हा गोजरा लिंबू पिळत होती. तिचा सासरा सिताराम सकाळच्या एसटीनं महाडकडच्या गावाहून आला होता. येताना मधाच्या दोन बाटल्या घेऊन आला होता. डोंगरातलं मोहोळ त्यानं स्वतः काढलं होतं आणि मध फडक्यातून गाळला होता. त्याचंच सरबत गोजरा त्याला करून देत होती.

वाशीतल्या त्या तीनमजली इमारतीत दोघींची दारं समोरासमोर होती. गोजराचा नवरा किसन पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होता. वहिनींचे यजमान मधुकर फोर्टात कचेरीत होते. सध्या खोकल्यानं घरीच होते. गोजराच्या घरी साखर पाहुण्यांपुरतीच यायची. भाकरीला, घावनाला, पेजेला मध चालायचा. तो वाटीभर समोरच्या घरीही जायचा. हे वर्षभर चाललं होतं.

"थोडा मध हवा होता," वहिनी म्हणाल्या. "रात्रभर झोप नाही ह्यांना."

गोजरानं वाटी घेतली. आत या, सरबत घ्या म्हणाली. वहिनी म्हणाल्या, आत्ताच चहा झाला. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

स्वयंपाकघरात सिताराम भिंतीला टेकून बसला होता. त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "ती पानी पित्ये का गो तुज्याकडं?"

गोजराला हसू आलं. रोज बोलणारी बाई. हे काय विचारणं? मग ती आठवू लागली. पोराच्या वाढदिवसाला वहिनींचा उपास निघाला होता. चहा विचारला की त्यांच्या पोटात जळजळ असायची. एकदा घावनं पाठवली होती, तर थाळी धुऊन परत आली. कशी झाली होती, ते कुणी सांगितलं नाही.

सितारामनं गावचं सांगितलं. तिथंही मोठ्या घरांतून मधासाठी माणूस बौद्धवाडीत यायचा. मध त्या घरांच्या मागच्या दारी नेऊन दिला की बाया तो आपल्या भांड्यात ओतून घ्यायच्या. मधाला विटाळ नसतो म्हणायच्या.

"मध माशीचा," तो म्हणाला. "पानी आपलं."

पाऊस येईल असं सांगावं, तसं त्यानं ते सांगितलं आणि सरबताचा पेला तोंडाला लावला.

गोजरानं वाटी रिकामीच ओट्यावर ठेवली आणि स्टोव्ह पेटवला. पातेल्यात नळाचं पाणी घेतलं. आलं ठेचलं, चार मिरी टाकल्या. दारातून ओटा सरळ दिसत होता.

"अहो, नुसता मधच द्या ना," वहिनी म्हणाल्या. "काढा मी घरी करते."

"होईल आत्ता. भाऊंना पाजायचाच आहे ना?"

पाणी उकळून निम्मं झालं. गोजरानं ते स्टीलच्या पेल्यात गाळलं. गरम काढ्यात मध घालू नये, हा सासऱ्याचा नियम तिला ठाऊक होता. तिनं पेला निवायला ठेवला. मग तिघांनाही काही काम उरलं नाही. समोरच्या घरातून खोकल्याची उबळ आली. थांबली म्हणेपर्यंत दुसरी आली. वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. परत गुंडाळलं.

गोजरानं पेल्याला बोट लावून पाहिलं. दोन चमचे मध घातला, ढवळला. पेला घेऊन ती उंबऱ्याशी आली आणि पुढे केला.

वहिनींनी हात लगेच पुढे केला नाही.

"पाणी तेच आहे, वहिनी," गोजरा म्हणाली. "वरच्या टाकीतलं. तुमच्या नळाला येतं तेच."

वहिनींचा चेहरा लाल झाला. तसं काही नाही हो, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. पदरानं पेला धरून वळल्या आणि घरात शिरल्या. दार अर्धं उघडंच राहिलं. पेला त्यांनी दाराजवळच्या चपलांच्या फळीवर ठेवला आणि तशाच आत गेल्या.

गोजरानं आपलं दार लावलं नाही. आपण रागावलो आहोत की नाही, हे तिला समजत नव्हतं. तो पेला तिथून कुठे जातो, एवढंच तिला पाहायचं होतं.

आतून पुन्हा खोकला आला. आता जवळून. मधुकर बनियनवर बाहेर आले. एक हात भिंतीला होता. फळीवरचा पेला त्यांना दिसला. त्यांनी वास घेतला. मग उघड्या दारातून समोर पाहिलं, ओट्यावरचं पातेलं पाहिलं, गोजराला पाहिलं. मग उभ्या उभ्याच पेला तोंडाला लावून त्यांनी काढा संपवला. तळाशी राहिलेला मध बोटानं काढून चाटला.

घसा मोकळा व्हायला थोडा वेळ लागला.

"उद्या जरा सकाळी द्याल का?" ते म्हणाले. "सकाळीच जास्त त्रास होतो."

गोजरानं मान हलवली.

त्यांच्या मागे सरोजिनीवहिनी आतून आल्या होत्या. हातात त्यांच्या घरचं पितळी भांडं होतं, नुकतंच विसळलेलं. त्यात ओतायला आता काही उरलं नव्हतं.