नववं पाऊल

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी अमिरातीतल्या रास अल खैमाच्या डोंगरातल्या हजार वर्षं जुन्या किल्ल्यात पावलाचा नववा ठसा दिसला.

काल दाराच्या आतल्या दगडासारख्या कडक जमिनीवर आठच ठसे होते, सगळे आत जाणारे. या किल्ल्याच्या दंतकथेतली राणीही अशीच आत गेली, ती परतलीच नाही. नववा ठसा मात्र बाहेर येणारा होता.

“रिपोर्ट आज जायचाय, लिली. ठशांचं ड्रॉइंग चुकलं असेल तर तुझी नोकरी खलास,” उत्खननप्रमुख ग्रेगरी म्हणाले.

“सर, काल तीनदा मोजले. कालच्या फोटोतही आठच आहेत.”

“मग काय, राणी वॉकला निघाली?”

लिलीने दाराबाहेर स्टुलावर बसून ड्रॉइंगमध्ये नववा ठसा काढला. अकरा वाजता सही करून ती उठली.

दहावा ठसा तिच्या स्टुलाखाली होता.