मोठी भट्टी

“एकट्या बाईला एवढी भट्टी कशाला, ताई?” उंच डोंगरावरच्या मुर्गाब गावाच्या विरळ हवेत धुराड्याचे नळ चढवून भट्ट्या बांधणारा कारागीर उस्ता तोक्तोसून पार थकला होता. बुरुल्चाने नुसता भट्टीवरून हात फिरवला.

आता फक्त धुराड्याची ओढ पाहायची उरली होती. त्याने पेटती काडी रिकाम्या भट्टीच्या तोंडाशी धरली. ओढ चांगली असली की ज्योत आत वळते. ही आत वळली, मग बाहेर आली, पुन्हा आत गेली.

बाहेर वाऱ्याची झुळूकही नव्हती. तोक्तोसूनने स्वतःचा श्वास रोखून पाहिला. ज्योत संथपणे आत-बाहेर होतच राहिली.

बुरुल्चाने भट्टीशेजारी बसकण मारली.

“आता बरं वाटतंय त्याला,” ती दमल्या आवाजात म्हणाली. “जुन्या भट्टीत फार धाप लागायची.”