लाइट म्हणजे

“अण्णा, लाइट,” सुवर्णा म्हणाली. “लाइट म्हणजे काय काय? आठवेल तो अर्थ सांगा.”

सहादू खुर्चीत बसून होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. त्याने मुलीकडे पाहिलं, ओठ जुळवले आणि म्हणाला, “चला.”

लकवा मारल्यापासून त्याच्याजवळ एवढा एकच शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी चला, पाठ दुखली तरी चला. बोलणं शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, यांच्या रोजच्या वापरातला एखादा शब्द घ्या, त्याचे अर्थ विचारा, एकाला धरून दुसरा येतो. पण जे परत यायचं ते बहुतेक या पहिल्या काही महिन्यांतच. म्हणून सुवर्णा दर रविवारी पंचवटीहून नाशिकरोडला माहेरी यायची. अण्णांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेली, तेव्हा आज तिने मुद्दाम हा शब्द निवडला होता.

मोबाइलमध्ये बघत ती वाचू लागली. “उजेड. म्हणा, उजेड. प्रकाश. दिवा. हलकं, म्हणजे वजनाला हलकं. फिकट, म्हणजे रंगाने...”

चतुराबाई नवऱ्याच्या पायाशी बसून ऐकत होती. तिला यातलं काही पटत नव्हतं. लाइट म्हणजे लाइट. ती येते आणि जाते. तिच्यात फिकट काय नि हलकं काय! पण लेक जीव तोडून करत होती, म्हणून ती गप्प होती.

“घो,” सहादू म्हणाला.

दोघींनी एकदम वर पाहिलं.

“घो... टी.”

“घोटी?” सुवर्णाचा आवाज उजळला आणि तसाच विझला. “नाही हो अण्णा, घोटी तर आईचं गाव. आपण लाइट म्हणतोय. ला-इट. उजेड.”

सहादूने डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला. पुन्हा आपटला. मग मान फिरवून खिडकीबाहेर बघत राहिला.

सुवर्णाने मोबाइल बाजूला ठेवला. “राहू दे आई. दमलेत ते. काहीतरीच बोलताहेत.”

“काहीतरी नाय,” चतुराबाई म्हणाली. “बरोबर बोलले ते.”

“म्हणजे?”

“हे मला बघायला आले ना घोटीला, तवा मी चहा घेऊन दारात आले आन् लाइट गेली. कोणी कोणाला दिसंना. माझा बाप मोठा मस्कऱ्या. म्हणाला, पाव्हणं, तुमच्याच कारखान्यातून येती ना ही? मंग आमच्यापर्यंत येता येता कुठं गेली? समदे हसले. हे नाय हसले. अंधारातूनच म्हणाले, मी चौकशी करून सांगतो.”

चतुराबाईला तो अंधार जसाच्या तसा आठवत होता. शेजारी भाताची गिरणी, ती बंद पडल्यावर झालेली शांतता, उघड्या खिडकीतून येणारा कोंड्याचा वास, आणि त्या सगळ्यात हा एक अनोळखी, गंभीर आवाज. चेहरा नीट पाहायच्या आधी तिने माणसाचा आवाज पाहिला होता.

“मग?” सुवर्णा पुढे सरकली. हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

“मंग काय, दोन दिसांनी एसटीनं परत हजर. एकटेच. उंबऱ्याबाहेर उभं राहून माझ्या बापाला म्हणाले, आमच्याकडून काय कसूर नव्हती. केंद्र चालूच व्हतं. वाटेत तारेवर झाड पडलं व्हतं. एवढं बोलले आन् निघाले. बाप म्हणाला, एवढ्यासाठी परत येणारा माणूस येडा तरी असंल, नायतर लय चांगला असंल. तूच सांग पोरी. मी म्हणाले, मला चालंल.”

सुवर्णा हसली. “कसलं झाड पडलं होतं गं?”

“आंब्याचं. रस्त्याच्या कडंचं.”

“जां,” खुर्चीतून आवाज आला.

सहादूने मान वळवली होती. कपाळाच्या शिरा ताठ झाल्या होत्या. ओठ एका बाजूला ओढले जात होते, पण तो थांबला नाही.

“जां... भूळ.”

सुवर्णाने तोंडावर हात धरला.

“जांभूळ,” तो पुन्हा म्हणाला, आणि या वेळी त्यात थोडा रागही होता.

“जांभूळ, जांभूळ,” चतुराबाई घाईने म्हणाली. “चुकलं माझं. जांभूळच.”

तिने त्याचा निर्जीव हात आपल्या हातात घेतला. एक गोष्ट तिला त्या दिवसापासून विचारायची होती. आधी लाजेने राहिली, मग त्याच्या ड्युट्या, पोरीची शाळा, सासूचं आजारपण यांत राहून गेली, आणि मघापर्यंत वाटत होतं की आता कायमचीच राहिली.

“एक इचारू?” तिने हलकेच म्हटलं. “त्या दिशी निस्तं लाइटचंच सांगायला आला व्हता का?”

सहादू तिच्याकडे बघत राहिला. मग ओठाचा चांगला कोपरा सावकाश वर गेला.

“नाय,” तो म्हणाला.

हा शब्द त्याला शोधावा लागला नाही.

चतुराबाईने पदर डोक्यावर घेतला आणि त्याचा हात न सोडता लेकीला म्हणाली, “तू जरा आत जा बाई. कुकरचं बघ.”