दोघांचं जेवण

“बिलातली ही टीप काढून टाका,” आई म्हणाली.

जहाजाच्या काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनवरून नजर उचलली. “काकू, हे पैसे कंपनी ठेवत नाही. खोल्या आवरणारे, भांडी धुणारे, सगळ्यांत वाटले जातात.”

“त्यांना पगार असेल ना?”

मुलगी गप्प राहिली. आईने तीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीत बसून केसपेपर काढले होते. खिडकीआडचा माणूस गप्प बसला की काम होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“काढता येते की नाही, तेवढं सांगा.”

“येते,” मुलगी म्हणाली आणि कागद पुढे सरकवला. सही करताना आईला ओशाळल्यासारखं झालं. पण थोडंच.

तिचा एकुलता एक मुलगा याच जहाजावर होता. खाली, भांडी धुण्याच्या खात्यात. तीन वर्षं तो घरी आला नव्हता. दर फोनला ‘येतो गं लवकरच’ म्हणायचा आणि एक करार संपला की दुसऱ्यावर सही करायचा. शेवटी तिनेच ठरवलं, तो येत नाही तर आपण जाऊ. निवृत्तीच्या पैशांतलं उरलंसुरलं मोडलं आणि त्याच्या जहाजाचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं. त्याला न सांगता.

जाहिरातीतला आकडा पाहून ती हरखली होती. चढल्यावर एकेक कळत गेलं. पाण्याच्या बाटलीचे वेगळे पैसे. डेकवरच्या खुर्चीचे वेगळे. खिडकी असलेली खोली हवी तर त्याचे वेगळे. जेवणाच्या टेबलावर शेजारी एक विमा एजंट बसायचे. ते म्हणाले, “तिकिटात फक्त तरंगणं येतं, वहिनी. बुडायचं ते आपापल्या खर्चाने.” सगळे हसले. तीही हसली.

दुसऱ्या दिवशी मुलगा दहा मिनिटांसाठी तिच्या खोलीच्या दाराशी आला. कामगारांना प्रवाशांच्या मजल्यावर रेंगाळायला बंदी होती. त्याने तिला घट्ट मिठी मारली. त्याची बोटं साबणाच्या पाण्याने पांढरी पडली होती, कडेने सोलली होती. तिने ती आपल्या मुठीत धरली.

“एवढा खर्च करून आलीस कशाला?”

“तू येत नाहीस म्हणून.”

तो काहीतरी बोलणार होता. ओठांवर आलेलं त्याने परतवलं. “येतो गं लवकरच,” एवढंच म्हणाला, आणि उगाचच हसला. हे तिने शंभरदा ऐकलं होतं.

तिला एकच हवं होतं. त्याच्यासमोर बसून एक वेळ जेवायचं. चौकशी केली, तर वरच्या मजल्यावर पैसे भरून जेवायचं एक हॉटेल होतं. त्याच्या साहेबांनी परवानगी दिली तर कामगाराला घरच्यांबरोबर तिथे तासभर बसता येत होतं. परवानगी मिळाली. दोन ताटांचा दर ऐकून मात्र ती खाली येऊन बसली. पर्स तीनदा उलटीपालटी केली. काही केल्या जमेना.

सहाव्या दिवशी न्याहारीला विमा एजंटांनी टेबलावर बातमी फोडली. बिलात रोजची टीप लावतात, ती सक्तीची नाही. सांगितलं की काढतात. “आमची काढली. तोंड उघडावं लागतं फक्त.” लोकांनी त्यांना टाळ्या दिल्या. दुपारपर्यंत काउंटरपुढे ही रांग लागली. त्या रांगेत आईही होती. सात दिवसांच्या टिपेत दोन ताटं बसत होती.

सातव्या दिवशी दुपारी बाराला तो आला. इस्त्रीचा शर्ट, ओले केस नीट विंचरलेले. टेबल काचेला लागून होतं आणि बाहेर नुसतं पाणी. पहिली दहा मिनिटं तो फक्त जेवला. ती फक्त बघत बसली. खाताना अजूनही त्याचा डावा गाल फुगायचा. पाण्याची बाटली, खुर्ची, बिनखिडकीची खोली, सगळं वसूल झालं, असं तिला वाटलं.

“एक सांगू?” तो म्हणाला. “मी उद्या उतरणार होतो. कायमचा.”

तिचा हात ताटातच थांबला.

“तुला न सांगता दारात येऊन उभा राहणार होतो. तर तूच इथे हजर! म्हटलं, आता शेवटच्या दिवशी सांगू, आणि तुझी बॅग घेऊनच उतरू.”

“मग उतर की रे!”

“करार मधेच सोडला की दंड भरावा लागतो, आई. या फेरीची टीप धरून बरोबर जमत होतं. आज सकाळी टिपेच्या वाटपाची यादी लागली. निम्म्या प्रवाशांनी टीप काढून घेतली. असं आजवर कधी झालं नव्हतं. उतरणार की नाही, ते नऊ वाजायच्या आत सांगायचं होतं. मी नोकरी सोडायचा अर्ज मागे घेतला. आता आणखी नऊ महिने.”

तिने पर्स उघडली. आत बसभाडं होतं. तिने पर्स मिटली. पदर डोळ्यांना लावला.

“अगं, रडतेस काय? नऊ महिने म्हणजे काय, असे जातील.” त्याने तिच्या ताटात स्वतःच्या ताटातला गोडाचा तुकडा ठेवला. मग आजूबाजूच्या टेबलांवर हसत जेवणाऱ्या लोकांकडे पाहत, राग नाही, नुसतंच नवल वाटून, त्याने विचारलं,

“एवढ्याशा पैशांचं करतात तरी काय गं ही माणसं?”