एकाच काडीवरच्या पेशी

प्रेम नगरच्या घरात भर दुपारी चारुता कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी गालाच्या पेशींची स्लाइड करून बघत होती. दात येत असल्यामुळे तिची लहानगी लेक इरा तिच्या खांद्यावरून उतरायलाच तयार नव्हती. जागरणानं डोळे जड झालेले. त्यातच चूक झाली. ज्या काडीनं तिनं इराच्या गालाला आतून अलगद खरवडलं, तीच काडी तिनं स्वतःच्याही गालात फिरवली.

निळा रंग टाकून तिनं मायक्रोस्कोपला डोळा लावला. एरवी या पेशी सुट्या, विखुरलेल्या दिसतात. आज त्या फरशीसारख्या कडेला कड लावून बसल्या होत्या. आपली कुठली, इराची कुठली, काही कळेना. बघता बघता उरलेली एक फटही मिटली.

"अहो, जरा हिला घ्या ना," ती नवऱ्याला म्हणाली.

"आ जा बिटिया!" कौशिक हसला. "दिवसभर तूच हिला चिकटवून ठेवतेस, मग सुटेल कशी?"

त्यानं एव्हाना खांद्यावरच झोपी गेलेल्या इराला काखेत धरून उचललं. तिचा गाल चारुताच्या मानेवरून निघेना.

"घाम आहे गं नुसता," म्हणत त्यानं मधे बोट सरकवायला पाहिलं, आणि त्याचं हसू थांबलं.

बोट घालायला तिथे कडच नव्हती.