बुटावरचा पंजा

बायको गेल्यापासून मर्व्ह टॅटनेल टास्मानियाच्या रानात एकटाच राहायचा. रोज सकाळी तो सापळ्यांत सापडलेले डेव्हिल तपासून सोडून द्यायचा. मांजराहून थोडे मोठे, काळे, महाभांडखोर प्राणी. एकमेकांना चावले की एकाच्या तोंडावरचा कॅन्सर दुसऱ्याच्या तोंडावर जायचा.

निरोगी डेव्हिल सुटताच धूम पळायचा. तोंडावर कॅन्सरची गाठ असलेला मात्र थांबायचा आणि उजवा पंजा मर्व्हच्या बुटावर ठेवायचा. आठवड्यातला हा सहावा होता.

त्याने तिथूनच प्राण्यांच्या डॉक्टर ब्रायोनीला फोन लावून पंज्याचं सांगितलं.

"माणसांत ये जरा, म्हाताऱ्या!" ती हसली. "पण एक सांगू? या सगळ्या गाठी एकाच मादीच्या पेशींच्या आहेत. ती मेली, तिच्या पेशी जगतायत, बदलतायत. उत्क्रांतीने नवाच जीव घडवलाय म्हण ना."

"कुठली मादी?"

"ईशान्येकडची. तीसेक वर्षं झाली."

तीस वर्षांपूर्वी मर्व्ह ईशान्येलाच होता. तिथे त्याने आणि बायकोने एक अनाथ मादी बाटलीने दूध पाजून वाढवली होती. भूक लागली की ती बुटावर पंजा ठेवायची. ती मोठी झाल्यावर, बायको रडत असताना, त्यानेच त्या मादीला रानात सोडलं होतं.

त्याने फोन ठेवला. पंजा अजून तिथेच होता. किती दिवसांनी कुणीतरी त्याला शिवलं होतं! त्याला पाय काढवेना. तो हळूच खाली बसला.

तेवढ्यात झुडपं हलली. एरवी रात्रीच फिरणारे, दोघे भेटले तरी किंचाळणारे ते प्राणी भर उन्हात एकामागून एक मुकाट बाहेर येत होते. प्रत्येकाचं तोंड गाठींनी सुजलेलं होतं.